किती पट दिसतं? दुर्बिणीच्या आयपीसचं गणित, पुण्याच्या गच्चीवरून

गच्चीवर दुर्बीण लावली की पहिला प्रश्न ठरलेला, मग विचारणारे शेजारचे काका असोत नाहीतर सोसायटीचे वॉचमन, "किती पट दिसतं हो ह्यातून?" नवीन दुर्बीणवाला खोक्यावर छापलेला आकडा सांगून मोकळा होतो, ५२५ पट. ऐकणारा खूश, सांगणारा खूश. आता त्या ५२५ ला खरंच गुरू लावून बघा, एक मळकट थरथरणारा डाग दिसेल आणि तोही दहा-पंधरा सेकंदांत बाजूला सरकून गायब होईल, मग परत शोधत बसा.

खरं सांगायचं तर दुर्बिणीला स्वतःचा असा एक आकडा नसतोच. किती पट, हे दुर्बीण आणि तिच्यात लावलेला आयपीस, म्हणजे जिथे डोळा लावतो ती छोटी भिंगाची नळी, या जोडीवर ठरतं, आणि त्यातली किती पट आज रात्री उपयोगाची आहे ते नळीचा व्यास आणि तुमच्या डोक्यावरची हवा ठरवते. बाकी सगळं ह्याच्यातूनच निघतं. दुर्बीण समोर असेल तर समोर ठेवूनच वाचा, आयपीस हातात घेऊन, म्हणजे पटापट कळेल.

आधी नळीवरचं वाचा

नळीच्या पुढच्या तोंडाजवळ किंवा फोकसरजवळ (आयपीस जिथे बसतो तो चाकाने पुढे-मागे होणारा भाग) एक छोटं स्टिकर असतं, त्यावर डी आणि एफ असे दोन आकडे असतात. डी म्हणजे व्यास, पुढची भिंग किंवा मागचा आरसा किती मिलिमीटरचा आहे तो. एफ म्हणजे फोकल लेंथ, प्रकाश एकत्र यायला किती अंतर लागतं ते. नवशिक्यांच्या हातात आपल्याकडे बहुतेक वेळा ७०/७०० ची भिंगाची दुर्बीण असते, नाहीतर ७६/७०० किंवा १३०/६५० ची आरशाची. पहिला आकडा व्यास, दुसरा फोकल लेंथ.

दुसऱ्याला पहिल्याने भागलं की एफ रेशो मिळतो. ७०/७०० चा एफ/१०, १३०/६५० चा एफ/५. हा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एक वेगळी जात असते, नळी जेमतेम दीड फुटाची पण स्टिकरवर फोकल लेंथ १००० लिहिलेली. तिच्या फोकसरच्या आतच एक जादाची भिंग बसवलेली असते. गणित तेच चालतं पण प्रतिमा जास्त पटीला लवकर मऊ पडते, तेव्हा तिच्याकडून अपेक्षा जरा कमीच ठेवा.

आता आयपीस, आणि भागाकार

आयपीसला मराठीत नेत्रिका म्हणतात, पण गच्चीवर सगळे आयपीसच म्हणतात. त्याच्या कडेला आकडा असतो: २५ एमएम, २० एमएम, १० एमएम, ४ एमएम. ही त्या आयपीसची फोकल लेंथ. दुर्बिणीच्या फोकल लेंथला ह्या आकड्याने भागायचं, झालं. ७०० भागिले २५ म्हणजे २८ पट. ७०० भागिले १० म्हणजे ७० पट.

म्हणजे आकडा मोठा तर पट कमी, आकडा छोटा तर पट जास्त. हे उलटं आहे आणि सुरुवातीला प्रत्येक जण इथे अडखळतो, मोठा जाडजूड आयपीस बघून वाटतं हाच पॉवरफुल असणार. तो सगळ्यात सौम्य असतो. आणि तोच १० एमएम मित्राच्या १२०० फोकल लेंथवाल्या दुर्बिणीत टाकला तर १२० पट देतो, तेव्हा "माझ्याकडे ७० पटीचा आयपीस आहे" असं काही म्हणता येत नाही.

एक काम करा, घरात असलेल्या प्रत्येक आयपीससाठी हा भागाकार करून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती ट्रायपॉडला चिकटवून टाका. अंधारात डोकं चालत नाही.

आकड्याच्या आधी कधीकधी अक्षरं असतात. एच म्हणजे हायगेन्स, एसआर म्हणजे रॅम्सडेन जातीचा, के म्हणजे केल्नर, पीएल म्हणजे प्लॉसल. पहिले दोन शे-दोनशे वर्षांहून जुने साधे डिझाइन आहेत, स्वस्त किटमध्ये तेच घालतात. केल्नर बरा. प्लॉसल मिळाला असेल तर नशीबवान आहात. आयपीसच्या खालच्या चकचकीत नळीचा व्यासही मोजून घ्या, आजकाल सव्वा इंची म्हणजे ३१.७ मिमी हेच माप चालतं. जुन्या किंवा अगदी खेळण्यातल्या दुर्बिणीला २४.५ मिमीची बारीक नळी असते, तिला पुढे चांगले आयपीस मिळायची मारामार.

मग ५२५ आले कुठून?

७६/७०० च्या किटमध्ये एक ४ एमएमचा आयपीस असतो आणि एक तीन पट वाढवणारी बार्लो लेन्स. ७०० भागिले ४ म्हणजे १७५, गुणिले ३ म्हणजे ५२५. गणित बरोबर, फक्त उपयोग शून्य. मोठ्या भावाच्या, म्हणजे ११४/९०० च्या खोक्यावर ६७५ दिसेल, तेही ह्याच हिशोबाने.

उपयोगाची मर्यादा अशी काढतात: व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा. ७० मिमीला १४०, ७६ ला १५२, १३० ला २६०. त्याच्यापुढे प्रतिमा मोठी होते पण नवीन काहीच दिसत नाही. व्हॉट्सॅपवर आलेल्या लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या मावशी शोधायला बोटांनी झूम करत गेलं की एका टप्प्यानंतर नुसते चौकोन मोठे होतात, मावशी काही स्पष्ट होत नाहीत, तसंच. फोटोत जेवढी माहिती आली तेवढीच, आणि दुर्बिणीत माहिती किती येणार ते पुढच्या भिंगाच्या व्यासावर. ७६ मिमीला तर तो ४ एमएमचा आयपीस एकटाच १७५ देऊन मर्यादेच्या बाहेर जातो, बार्लो लांबच राहिली.

दुसरी गोष्ट उजेडाची. पट दुप्पट केली की तोच प्रकाश चौपट जागेत पसरतो, म्हणजे प्रतिमा एक चतुर्थांश उजळ. दिवसा हे डोळ्यांनी बघता येतं. २५ एमएम लावून दुर्बीण मोकळ्या आकाशाकडे वळवा (सूर्याच्या पार विरुद्ध बाजूला) आणि आयपीसला डोळा न लावता हातभर मागे उभे राहून बघा. आयपीसच्या मधोमध एक उजळ गोल टिकली दिसेल. दुर्बिणीतून बाहेर येणारा सगळा प्रकाश त्या टिकलीतून येतो, तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. आता १० एमएम लावा, टिकली आक्रसली. ४ एमएम लावला तर सुईच्या टोकाएवढी. तिचं माप म्हणजे आयपीसचा आकडा भागिले एफ रेशो, एफ/१० ला २५ एमएमची टिकली अडीच मिलिमीटर, १० एमएमची एक मिलिमीटर. अर्धा मिलिमीटरच्या खाली गेलात की आपल्याच डोळ्यातले तरंगणारे धागे-ठिपके गुरूवर फिरताना दिसायला लागतात. म्हणून एफ/१० वाल्यांनी ५ एमएमच्या खाली जायचंच नाही. एफ/५ वाल्यांना हिशोबाने अडीचपर्यंत मुभा आहे, हवा देईल तेव्हा.

दिवसा करायची कामं

पहिलं काम फाइंडरचं, म्हणजे नळीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीचं, आणि ते दिवसाच. २५ एमएम लावा, लांबचं काहीतरी धरा. नैऋत्येकडे मोकळं दिसत असेल तर सिंहगडावरचा टीव्ही टॉवर ह्या कामाला एक नंबर, नाहीतर पर्वतीचं देऊळ, नाहीतर लांबच्या टेकडीवरचा मोबाइल टॉवर. वस्तू आयपीसच्या बरोबर मध्ये आणा आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तीच वस्तू त्याच्याही मध्ये आणा. झालं की १० एमएम लावून परत एकदा. सकाळीच करा, सूर्य पूर्वेला असतो आणि हवाही शांत.

तोच टॉवर दुपारी एक वाजता परत बघा. २८ पटीला ठीक दिसेल, ७० पटीला कडा लाटांसारख्या हलतील, १४० ला टॉवर आहे का नारळाचं झाड अशी शंका येईल. दुर्बीण तीच, आयपीस तेच, सकाळी दिसलेलं दुपारी दिसत नाही. मधली हवा तापली एवढंच. रात्री ताऱ्यांच्या बाबतीत हेच होतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नसल्यामुळे लोक दुर्बिणीला शिव्या देतात.

आरशाच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसणार आणि भिंगाच्या दुर्बिणीत काटकोनी आरसा म्हणजे डायगोनल लावला की डावं-उजवं बदलणार. बिघाड नाही. किटमधला १.५ पटीचा इरेक्टिंग आयपीस चित्र सरळ करतो पण रात्री त्याचा काही उपयोग नाही, डब्यात राहू द्या.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: किटमध्ये आयपीसला लावायचा काळा सूर्य फिल्टर आला असेल तर तो आत्ताच्या आत्ता फेकून द्या. आयपीसपाशी सगळी उष्णता एकवटते, ती काच तडकू शकते आणि तेव्हा डोळा तिथेच असतो. सूर्य बघायचा तर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, खास त्यासाठी बनवलेला, आणि फाइंडर झाकलेला. घरात लहान मुलं असतील तर दिवसा दुर्बीण गच्चीत उघडी सोडून चहा प्यायला जायचं नाही.

पहिली रात्र

सप्तमी-अष्टमीचा चंद्र निवडा. पौर्णिमेचा नको, त्या दिवशी सावल्याच नसतात त्यामुळे सगळं सपाट पांढरं दिसतं. अर्ध्या चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात, खरी मजा तिथे.

नळीचं झाकण पूर्ण काढा. हे सांगावं लागतं कारण त्या झाकणाच्या मध्ये अजून एक छोटं झाकण असतं आणि बरेच जण तेवढंच काढतात, मग ७६ ची दुर्बीण त्या छोट्या भोकाएवढीच उरते आणि फिके तारे दिसतच नाहीत. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, घरातली गरम हवा नळीतून जाऊ दे.

आता सगळ्यात मोठ्या आकड्याचा आयपीस. २५ किंवा २०. नेहमी. शंभर वेळा दुर्बीण लावून झालेली माणसंसुद्धा ह्यानेच सुरुवात करतात कारण त्यात आकाशाचा तुकडा मोठा दिसतो, वस्तू सापडते. किती मोठा ते पण काढता येतं, आयपीसचं स्वतःचं दृश्यक्षेत्र (प्लॉसलचं साधारण ५० अंश) भागिले पट. २८ पटीला १.८ अंश, म्हणजे शेजारी शेजारी साडेतीन चंद्र मावतील. ७० पटीला ०.७ अंश, एक चंद्र जेमतेम. १४० ला चंद्राचा तुकडाच.

फोकसची चाकं हळू फिरवा. तारा बघताय आणि मोठी गोल चकती दिसतेय, तिच्या मध्ये काळं भोक, तर तो ग्रह नाही आणि काही शोधही लागलेला नाही, फोकस गेलाय. चकती छोटी होत होत टोकदार ठिपका होईपर्यंत फिरवा. भोक म्हणजे आरशाच्या दुर्बिणीतल्या छोट्या आरशाची सावली.

आयपीस बदलायची रीत

चंद्रावर एक विवर धरा, बरोबर मध्ये आणा. थोडं थांबा आणि ते कुठल्या बाजूला सरकतंय बघा, पृथ्वी फिरतेय त्यामुळे सगळं सरकणारच. मग दुर्बीण थोडी पुढे ढकला, म्हणजे विवर ज्या कडेने आत येतं त्या कडेला ठेवा. आता स्क्रू सैल करा, एका हाताने फोकसर धरून ठेवा, दुसऱ्याने आयपीस काढा, १० एमएम घाला, स्क्रू हलका घट्ट. तेवढ्या वेळात विवर सरकत मध्ये आलेलं असतं. फोकस परत करायचा, प्रत्येक आयपीसला वेगळा लागतो. हात काढा, थरथर थांबू द्या, मग बघा. थरथर थांबतच नसेल तर ट्रायपॉडच्या मधल्या ट्रेखाली पाण्याच्या दोन बाटल्या पिशवीत घालून लटकवा, स्वस्तातला ट्रायपॉड एकदम शहाण्यासारखा वागायला लागतो.

पट वाढली की सरकण्याचा वेगही तेवढाच वाढतो. आकाश चार मिनिटांना एक अंश फिरतं, १४० पटीला गुरू एका कडेपासून दुसऱ्या कडेला दीड मिनिटाच्या आत जातो. पाहुण्यांना दाखवताना हे डोक्यात ठेवा, आजीला गच्चीचे जिने चढवून आणायचं आणि त्या डोळा लावेपर्यंत शनी गेलेला, असं नको. लोकांना दाखवायला ५०-७० पट पुरते.

ह्याच सरकण्यावरून आयपीसचं खरं दृश्यक्षेत्र मोजता येतं, कंपनी काहीही छापो. मृग नक्षत्रातले बाणाचे तीन तारे माहीत असतीलच, त्यातला सगळ्यात पश्चिमेचा, म्हणजे आधी उगवणारा, जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहे. तो एका कडेला ठेवा, दुर्बिणीला हात लावू नका, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि तो बरोबर मधून जात दुसऱ्या कडेला नाहीसा होईपर्यंतची मिनिटं मोजा. मिनिटं भागिले चार, तेवढे अंश. किटमधले आयपीस कसे निघतात ते ह्याच्यात उघडं पडतं.

कशाला कोणता?

गुरू. पहिल्यांदा २८ पटीला बघा, चार चंद्र एका रेषेत ठिपक्यांसारखे. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने हे पाहिले तेव्हा त्याच्याकडे जेमतेम वीसेक पटीची दुर्बीण होती, आपल्या किटहून कितीतरी वाईट भिंगांची. मग ७० पट, दोन करडे पट्टे दिसायला हवेत. "एवढासाच?" ही तक्रार सगळे करतात. आता हिशोब बघा, गुरू आपल्या जवळ असताना साधारण ४५ आर्कसेकंदांचा असतो (एका अंशाचे ३६०० आर्कसेकंद), म्हणजे ४० पटीला तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा होतो. कोणाला पटत नाही, पण चंद्र शेजारी आला की तुलना करून बघा, एक डोळा आयपीसला, एक चंद्राकडे. आपला मेंदू काळ्या गोलात एकट्या वस्तूचं माप फार कमी धरतो. म्हणून पट वाढवण्याऐवजी जास्त वेळ बघा. पाच मिनिटं डोळा न काढता बघितलंत तर मध्येच हवा क्षणभर थांबते, पट्ट्याची कड खरवडल्यासारखी स्पष्ट होते आणि परत विरघळते. त्या क्षणांसाठीच बसायचं असतं.

शनी. कडी ३० पटीपासून कळते, ७० ला छान. २०२५ च्या मार्चमध्ये कडी आपल्याला अगदी कडेवरून दिसत होती त्यामुळे ती अजून काही काळ बारीक वाटणार, पण दर वर्षी उघडत जाईल, २०३२ च्या सुमारास पूर्ण. आपलं एक बरं आहे, पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर असल्यामुळे ग्रह इथे चांगले वर चढतात, वर म्हणजे कमी हवा. क्षितिजाजवळच्या ग्रहावर १०० पट लावणं म्हणजे मेहनत वाया. तो वर येईपर्यंत जेवून घ्या.

मंगळ एरवी निराशा करतो. सव्वीस महिन्यांनी एकदा जवळ येतो तेव्हाच मर्यादेपर्यंतची पट लावून बघा, पुढची वेळ फेब्रुवारी २०२७. शुक्राची कोर ३० पटीला दिसते, जास्त काही नाही.

कृत्तिका पुंज जवळपास दोन अंश पसरलाय, तिथे १० एमएम लावला तर आत शिरलात आणि पुंजच दिसेनासा झाला असं होतं. सगळ्यात मोठा आयपीस, बास. पुष्य नक्षत्रातला पुंज, वृश्चिकाच्या शेपटीजवळचा एम ७ (एम म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक), हेही तसेच. देवयानी दीर्घिका पण तशीच, शहरातून मात्र तिचा फक्त मधला धूसर ठिपका मिळेल, फोटोतलं काही दिसणार नाही.

मृगातला तेजोमेघ, एम ४२, आधी २८ ला आणि मग ७० ला, धुक्याच्या मध्ये चार बारीक तारे दाटीवाटीने उभे दिसतील. इथे एक गोष्ट जी बहुतेक ठिकाणी उलटी सांगतात: धूसर वस्तूंना कमीत कमी पट, हा नियम पुण्याच्या उजळ आकाशात नेहमी खरा नाही. पट वाढली की शहराचा उजेडही पातळ होतो, मागचं आकाश काळं पडतं आणि छोट्या वस्तू उठून दिसतात. शौरीतला गोल पुंज एम १३ किंवा अभिजितजवळचं कंकणाकृती तेजोमेघ एम ५७ शहरातून बघायचं तर ७० पट लावून बघा, २८ ला ते नुसते हरवतात. ही छोट्या वस्तूंची गोष्ट आहे, कृत्तिकेची नाही.

जोडतारे म्हणजे पटीची परीक्षा, आणि चांदण्या रात्रीही देता येते. हंसातला अल्बिरियो २८ पटीलाच सुटा होतो, एक सोनेरी एक निळसर. सप्तर्षीतले वसिष्ठ-अरुंधती डोळ्यांनी दिसतात, पण दुर्बिणीत वसिष्ठ स्वतःच दोन निघतो, १४ आर्कसेकंद अंतर, ७० पटीला मस्त. मग पुनर्वसूतला कॅस्टर, अंतर पाच-साडेपाच, त्याला शंभरच्या पुढे जा. तो दोन स्वच्छ ठिपके दिसला की समजायचं आज हवा बरी आहे.

एक आपल्याकडची खास गोष्ट, एप्रिल-मेमध्ये रात्री उशिरा दक्षिणेला नरतुरंगात ओमेगा सेंटॉरी हा अवाढव्य गोल पुंज येतो, पुण्यातून कमाल २४ अंश वर. युरोपातल्या बऱ्याचशा भागातून तो दिसतच नाही. शहरातून कठीण आहे, भोरच्या बाजूला किंवा पानशेतच्या पुढे जाऊन २५ एमएमने बघा.

आज किती पट चालेल?

डोक्यावरचे तारे जोरात लुकलुकत असतील तर ग्रहांचा नाद सोडा, कमी पटीचं काहीतरी बघा. तारे शांत तर पट वाढवा, आणि एकेक पायरीने वाढवा. प्रतिमा मोठी झाली पण जास्त काही दिसलं नाही, तर एक पायरी खाली या, आजची मर्यादा तीच. मोठ्या दुर्बिणींनाही हे चुकत नाही, २०० पटीच्या पुढे हवा रोज देत नाही.

गच्चीचा स्लॅब उन्हाळ्यात दिवसभर तापलेला असतो आणि रात्री ती उष्णता सोडत बसतो, त्यामुळे संध्याकाळी सातला उकळणारा गुरू अकरानंतर बऱ्यापैकी बसतो. शेजारच्या एसीच्या डब्यावरून, पत्र्याच्या शेडवरून बघू नका. खिडकीच्या काचेतून तर नाहीच. आयुका ह्या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण शहरात न ठेवता सुमारे ८० किलोमीटरवर गिरवलीच्या डोंगरावर नेली ती उगाच नाही.

बार्लो आणि चष्मा

दोन पटीची बार्लो १० एमएमला ५ एमएम करते, २५ ला साडेबारा. म्हणजे दोन आयपीसचे चार होतात. ती आयपीसच्या खाली लागते. डायगोनल असेल तर डायगोनलमध्ये बार्लो, बार्लोत आयपीस. उलट लावली, म्हणजे बार्लो आधी आणि मग डायगोनल, तर अंतर वाढल्यामुळे दोनाच्या वर पट मिळते, तेव्हा हिशोब जुळला नाही तर हे तपासा. किटमधली तीन पटीची प्लॅस्टिकची बार्लो मी कोणालाच वापरायला सांगणार नाही.

चष्मेवाल्यांनी, फक्त लांबचं किंवा जवळचं असेल तर चष्मा काढून फोकस फिरवायचा, दुर्बीण ते भरून काढते. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर मोठ्या आयपीसला चष्मा लागतो, छोट्याला त्रास कमी जाणवतो. प्लॉसलमध्ये आकडा जेवढा छोटा तेवढा डोळा जवळ न्यावा लागतो, ४ एमएमला तर पापण्या काचेला घासून तेलकट डाग पडतो आणि मग सगळं धुकट. तो डाग शर्टाने पुसायचा नाही, आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग लेन्सच्या कापडाने अगदी हलक्या हाताने.

नवीन घ्यायचाच असेल तर

लगेच घेऊ नका, एक सीझन किटवरच काढा. मग पहिला बदल साधारण २५ किंवा ३२ एमएमचा चांगला प्लॉसल, कारण सगळ्यात जास्त वेळ तोच लागलेला असतो. लोक आधी छोट्या आकड्याच्या मागे धावतात, माझं मत ह्याच्या विरुद्ध आहे. त्यानंतर ग्रहांसाठी ६ एमएमच्या आसपासचा, डोळा जरा लांब ठेवूनही दिसेल असा. ७०/७०० ला तो ११७ पट देतो, १३०/६५० ला १०८, दोन्हीकडे मर्यादेच्या आत. झूम आयपीस सोयीचा वाटतो, पण स्वस्तातल्या झूमचं मोठ्या आकड्याला दृश्यक्षेत्र फार चिंचोळं होतं.

घ्यायच्या आधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघून या. टिळक रोडवर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची, हौशी आकाशनिरीक्षकांची. तिथल्या लोकांबरोबर एक रात्र काढली की कुठला आयपीस तुमच्या डोळ्याला बसतो ते कळतं, नुसते रिव्ह्यू वाचून कळत नाही. चिठ्ठी वाचायला लाल उजेड लागेल, अप्पा बळवंत चौकातून लाल जिलेटिन पेपर आणून टॉर्चवर दोन-तीन थर लावा, वेगळा टॉर्च घ्यायची गरज नाही.

पावसाळ्याचं काय

जून ते सप्टेंबर दुर्बीण घरातच आणि आपल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, ती एकदा काचेच्या कोटिंगमध्ये शिरली की जात नाही. आयपीस पुसून नाही, पूर्ण कोरडे करून ठेवायचे. थंडीत पहाटे दव पडलेलं असेल तरी तसेच झाकण लावून बंद करू नका, घरात आणून उघडे वाळू द्या आणि मग डब्यात. डबा स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा कुठलाही चालतो, आत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं जेल मिळतं, निळं ते गुलाबी झालं की ओलं झालं समजायचं. ओव्हनमध्ये मंद आचेवर निळं होईपर्यंत तापवून परत वापरता येतं, पण खाण्याच्या भांड्यात नको, त्या निळ्या रंगात बऱ्याचदा कोबाल्ट असतं. महिन्यातून एकदा डबा उघडून बघत जा.